कागदाची खालची चार बोटं

लीगल कागद ए-फोरपेक्षा चार बोटं लांब असतो. हे मला पस्तीस वर्षं माहीत होतं. कळलं मात्र निवृत्तीनंतर, हरसूलच्या पुढच्या एका खेड्यातल्या सरपंच बाईंमुळे, आणि कळलं तोवर उशीर झाला होता. किती उशीर, तेही नेमकं सांगते: सात दिवस.

मी कोर्टात मराठी लघुलेखक होते. साहेब बोलायचे, मी उतरवून घ्यायचे, मग टाईप करायचे. लोकांची भांडणं, वाटण्या, जामीन, फारकती, सगळं माझ्या बोटांतून गेलं. त्यात एक वाक्य इतक्या वेळा आलं की पुढे पुढे साहेबांनी सुरुवात केली की माझी बोटं ते आपोआप पुरं करायची: कायदा माहीत नव्हता, ही सबब ग्राह्य धरता येत नाही. टाईप करताना कधी काही वाटलं नाही. नोकरीच्या शेवटच्या वर्षात मात्र मला त्या वाक्याचा राग यायला लागला. सबब चालत नाही, कबूल. पण तो माहीत व्हावा म्हणून ठेवलाय कुठे? पुस्तकं वकिलांच्या कपाटात. संकेतस्थळावर पानं तिरकी स्कॅन केलेली, आणि ती उघडायला लागणारी रेंज त्र्यंबकच्या पुढे घाटात संपते. भाषा अशी की वाचताना श्वास कुठे घ्यायचा ते मलाही शोधावं लागायचं. शाळेत मुलं 'आम्ही भारताचे लोक' घडाघडा म्हणतात. छानच आहे ते. पण आदेश विरोधात गेला तर कागद कुठल्या टेबलावर नेऊन द्यायचा, हे त्या लोकांना कुणी सांगत नाही.

निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, नातवंडं सांभाळतात. मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी कायद्याची पानं करायला घेतली. एक प्रश्न, एक पान. पोलिसांनी तक्रार घेतली नाही तर. रेशनकार्डातून नाव कमी केलं तर. मतदार यादीतून नाव गायब झालं तर. घरमालकाने कुलूप लावलं तर. मूळ कायदा समोर ठेवायचा, आपल्या मराठीत मांडायचा, आणि ओळखीच्या एका वकिलांकडून तपासून घ्यायचा. जुन्या सीबीएस बसस्थानकापासून चालत दहा मिनिटांवर एक छोटं वाचनालय आहे. त्याच्या मागच्या खोलीत बुधवारी आणि शनिवारी चार ते सात मी टेबल मांडून बसायचे. पानं फुकट. कुणीही न्यावीत, कुणीही झेरॉक्स काढावी, खाली माझं नाव नाही. एकच अट होती: इथे बसून वाचल्याशिवाय पान न्यायचं नाही. कोर्टात न वाचता सही केलेली माणसं मी इतकी पाहिली होती की तेवढी अट सोडवेना.

ते वकील मला 'फुकट दवाखाना' म्हणायचे. चिडवायचे, पण पानं तपासून द्यायचे.

आता हे ऐकायला फार थोर वाटतं. प्रत्यक्षात कंटाळवाणं काम होतं. येणाऱ्यांपैकी बहुतेकांना कायदा नकोच असायचा. त्यांना भावाचं नाक कसं दाबता येईल ते हवं असायचं. एक गृहस्थ सलग चार शनिवार आले, प्रत्येक वेळी पान वाचून म्हणाले, "हे नाही, आपल्या बाजूचा कायदा दाखवा." नवे फौजदारी कायदे लागू झाले तेव्हा सगळ्या कलमांचे आकडे बदलले आणि माझी एकवीस पानं एका दिवसात रद्दी झाली. पुन्हा टाईप केली. पुण्याहून मुलगा फोनवर म्हणायचा, "आई, हे सगळं आता मोबाईलवर मिळतं." मी म्हणायचे, "मिळतं ना. मग तुझ्या भाडेकराराचं काय ते मला का विचारतोस?" तो हसायचा. मीही हसायचे, पण फोन ठेवल्यावर गुडघ्याला तेल लावताना वाटायचं, खरंच, कशासाठी ही उठाठेव?

अशाच एका बुधवारी त्या बाई आल्या. पस्तिशीच्या असतील. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात वहीची काही पानं. खुर्चीच्या कडेवर बसल्या, म्हणाल्या, "मॅडम, मी सरपंच हाय." हे त्या अशा सांगत होत्या की जणू त्यांचं काही चुकलंय. थेट निवडून आलेल्या. शिक्षण दहावी. गाव हरसूलच्या पुढे डोंगरात.

"ग्रामसभेचा ठराव आधीच लिहून ठेवत्यात," त्या म्हणाल्या. "मंग शिपाई वही घेऊन घरोघर सह्या आणतो. सभा होतच नाय. हे चालतं का?"

"नाही चालत."

"कुठं लिहिलंय?"

एवढ्या वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. लोक विचारायचे, चालतं का, जमतं का, काही करता येईल का. कुठं लिहिलंय, असं कुणी विचारलं नव्हतं. मी उठून पान काढलं. त्यांनी ओळीखाली बोट ठेवून ते सगळं वाचलं, ओठ हलवत, एकदा, मग दुसऱ्यांदा. त्या दिवशी त्या सहा पानं घेऊन गेल्या. त्यातलं एक 'सरपंच किंवा सदस्य अपात्र ठरला तर' हे होतं. ते मी आपण होऊन दिलं, त्यांच्या गाडीची वेळ झाली म्हणून न वाचताच. म्हटलं, "असू द्या जवळ. लागू नये, पण असू द्या." आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी सगळ्यांनाच सांगायचे: "कागद हातात असल्याशिवाय कुणापुढे तोंड उघडू नका."

पुढचं मला त्यांच्याकडून थोडं थोडं कळत गेलं. दर दोन-तीन महिन्यांनी यायच्या. हरसूलच्या बाजाराच्या दिवशी त्यांनी माझ्या पानांच्या झेरॉक्स काढल्या. मूळ पानं जाड कागदाची, म्हणून ती पंचायतीच्या कार्यालयात भिंतीला लावली, लोकांना दिसावीत म्हणून. झेरॉक्स त्यांनी घरी ठेवली. एक संच अंगणवाडीत दिला, एक पिठाच्या गिरणीवर. गिरणीवर बाया दळण होईपर्यंत बसतात, त्यांच्यातली एखादी वाचते, बाकीच्या ऐकतात. हे त्या सांगत होत्या तेव्हा माझा ऊर भरून आला होता, खोटं कशाला बोलू. मी त्यांना चहा पाजला आणि घरी जाऊन आणखी दोन पानं टाईप केली.

मग त्यांनी ग्रामसभा खरोखरीच भरवली. शाळेच्या ओट्यावर, ठराव वाचून दाखवून, हात वर करून. पहिल्यांदाच. त्या दिवशी वहीत आधीच लिहून आलेला एक ठराव होता: डोंगराच्या पायथ्याला दगडाची खाण काढायला गावाची संमती. बाईंनी तो मोठ्याने वाचला आणि विचारलं, "संमती हाय का?" एकही हात वर आला नाही. ज्यांनी तो ठराव लिहून आणला होता ते वही न उचलता निघून गेले.

चार महिन्यांनी तक्रार आली. सरपंचांच्या सासऱ्यांचा गुरांचा गोठा सरकारी जागेत आहे, म्हणजे घरच्यांचं अतिक्रमण, म्हणजे सरपंच अपात्र. नियम खरा आहे. माझ्या पानावरही आहे. गोठा मात्र त्यांच्या लग्नाच्या आधीपासूनचा. चौकशी झाली, सुनावणी झाली, आणि आदेश निघाला. अपात्र.

हे मला त्यांनी फोनवर सांगितलं नाही; कागद हातात असल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हे मीच शिकवलं होतं. आदेश हातात पडला त्याच दिवशी त्यांनी कार्यालयाची किल्ली उपसरपंचाकडे दिली आणि घरी गेल्या. माझ्याकडे आल्या त्या एका शनिवारी. आवणीचे दिवस होते, भाताची रोपं लावायची घाई. पायांना चिखल तसाच होता, पण पिशवीतले कागद मात्र कोरडे, एकावर एक नीट लावलेले.

"समदं आणलंय मॅडम," त्या म्हणाल्या. "आता अपील लिहा."

खरोखर सगळं आणलं होतं. गोठ्याच्या जागेचा जुना मोजणीचा नकाशा त्यांनी मिळवला होता. त्यासाठी तालुक्याला पाच खेपा घातल्या होत्या. ग्रामपंचायतीचा जुना उतारा होता, शेजाऱ्यांचे जबाब होते. माझ्या चष्म्याच्या काचा ओल्या झाल्या. म्हटलं, चला, एक तरी माणूस शिकलं. कोर्टात मुरलेले पक्षकार इतकी तयारी करून येत नाहीत.

मग मी आदेशाची तारीख पाहिली. बोटांवर दिवस मोजले. पुन्हा मोजले.

"बाई, आज बाविसावा दिवस आहे."

"हो. नकाशा काल मिळाला."

"अपिलाची मुदत पंधरा दिवस असते. पानावर लिहिलंय की."

"नाय लिहिलेलं," त्या शांतपणे म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी झेरॉक्स काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

खरंच नव्हतं लिहिलेलं. पान होतं माझंच. शेवटची ओळ होती, 'या आदेशाविरुद्ध अपील करता येते.' तिथे वाक्य संपत होतं आणि कागदही. मी माझ्या फाईलमधून मूळ पान काढलं, त्या झेरॉक्सशेजारी ठेवलं, आणि वरच्या कडा जुळवल्या. खाली माझा कागद चार बोटं पुढे आला. त्या चार बोटांत, मीच टाईप केलेलं, ठळक अक्षरांत: 'मुदत: आदेशाच्या तारखेपासून पंधरा दिवस. अपील कुठे दाखल करावे.' आणि पत्ता.

मी आयुष्यभर लीगल कागदावर टाईप केलं. वरच्या कोर्टांनी ए-फोर घेतला, नवीन पोरींनी ए-फोर घेतला, मी हट्टाने लीगलच वापरत राहिले. कागद म्हणजे लीगल, बाकी चिटोऱ्या, असं मी म्हणायचे सुद्धा. आणि कोर्टाच्या कागदात महत्त्वाचं सगळं तळाशी असतं. सही तळाशी, तारीख तळाशी, शिक्का तळाशी. म्हणून मुदतही मी तळाशीच टाकायचे, प्रत्येक पानावर, डोकं न चालवता. हरसूलच्या दुकानात लीगल कागद कोण ठेवणार? झेरॉक्सवाल्याने ए-फोरवर काढली. त्याचं काहीच चुकलं नाही. वाक्य पुरं दिसलं, त्याने दिलं. यांनी पुरं वाचलं, नेलं.

आणि पूर्ण पान कुठे होतं? पंचायतीच्या भिंतीवर. ज्या खोलीची किल्ली त्यांनी पहिल्याच दिवशी प्रामाणिकपणे देऊन टाकली होती, त्या खोलीत.

माझ्या मनात त्या क्षणी काय आलं ते लिहायला लाज वाटते. आलं हे, की झेरॉक्सवाल्यावर ढकलावं. नाहीतर म्हणावं, तुम्ही फोन करायला हवा होता. दोन्ही वाक्यं जिभेवर आली होती. पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या सबबी टाईप केल्या होत्या, मला सबबींची काय वानवा?

"म्हंजी माझं चुकलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "माझं चुकलं."

 मोजणीच्या नकाशाची त्यांनी परत घडी केली. घडी नीट बसेना, तेव्हा पुन्हा उघडून पुन्हा केली. मला तेवढंच दिसत होतं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

वकिलांना फोन केला. ते बिचारे लगेच आले. म्हणाले, अपील आजच्या आज तयार करू, सोबत विलंब माफीचा अर्ज जोडू. सात दिवस काही फार नाहीत. "आजारपण लिहू. ताप, अंगदुखी, डॉक्टरचं प्रमाणपत्र मिळवता येईल. सगळे तेच लिहितात आणि ते चालतं."

हे खरं होतं. मी स्वतः असे किती अर्ज पाहिले होते. सगळ्या महाराष्ट्राला मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात ताप येतो. मी संगणक चालू केला आणि टाईप करायलाही घेतलं.

"मी आजारी नव्हते," बाई म्हणाल्या.

"तसं लिहायचं असतं, ताई," वकील म्हणाले.

"अवो, पण त्या दिसांत मी आवणीला होते. अख्ख्या गावानं मला गुडघाभर चिखलात पाह्यलंय. उद्या तेच लोक मला ग्रामसभेत इचारतील, बाई, तुला ताप कवा आला? मंग मी काय वाचून दाखवू?"

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी जे टाईप केलं होतं ते पुसलं. आणि कारणाच्या जागी घडलं ते लिहिलं: की अर्जदार ज्या माहितीपत्रकावर विसंबून होत्या ते मी तयार केलं, की ते मोठ्या कागदावर होतं, की प्रत काढताना तळाचा मजकूर गेला, आणि तळाशी मुदत होती. सोबत दोन्ही कागद जोडले. माझं प्रतिज्ञापत्र जोडलं. दुसऱ्यांची प्रतिज्ञापत्रं टाईप करण्यात हयात गेली होती. स्वतःचं पहिल्यांदाच करत होते. सही केली, आणि ती तळाशी केली हे लक्षात आल्यावर हात थांबला.

सुनावणीला मी गेले होते. अधिकारी सभ्य होते, घाईत होते. त्यांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले, उचलून खिडकीकडे धरले.

"हे तुम्ही टाईप केलं?"

"हो."

"तुम्ही वकील आहात?"

"नाही. निवृत्त लघुलेखक."

"मग हे कशाला करता?"

त्यांनी कुत्सितपणे नाही विचारलं. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. माझ्याकडे उत्तर असायला हवं होतं. लोकशाही, राज्यघटना, कायदा सगळ्यांचा, हे सगळं मी वाचनालयाच्या खोलीत कितीदा बोलले होते. तिथे मात्र माझ्या तोंडून निघालं, "सवय आहे." बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

तीन आठवड्यांनी आदेश आला. वकिलांनी मोबाईलवर पाठवला. खाजगी व्यक्तीने तयार केलेल्या अपुऱ्या माहितीवर विसंबून राहणं हे विलंबाचं पुरेसं कारण होत नाही. आणि पुढचं वाक्य तर मला वाचायचीही गरज नव्हती. कायदा माहीत नव्हता, ही सबब ग्राह्य धरता येत नाही. विलंब माफीचा अर्ज नामंजूर, त्यामुळे अपीलही नामंजूर. गोठ्याचा नकाशा कुणी उघडूनही पाहिला नाही, कारण तिथवर पोचायची वेळच आली नाही. त्यात त्या अधिकाऱ्यांना दोष द्यावा असं मला आजही वाटत नाही. मीही तसंच टाईप केलं असतं. खाजगी व्यक्ती म्हणजे मी.

वकील म्हणाले, वर उच्च न्यायालय आहे, मोफत विधी सेवेतून वकील मिळेल, मी बोलतो. मी बाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघू, मॅडम." त्यांच्या त्या 'बघू'चा अर्थ मला कळला.

मी टेबल बंद केलं. वाचनालयाच्या दारावर पाटी लावली, 'कायदा माहिती कक्ष बंद आहे'. कारण लिहिलं नाही. पानांच्या फाईली घरी आणून पलंगाखाली सरकवल्या. खरं सांगायचं तर त्या दिवसांत दुःखापेक्षा सुटका जास्त वाटत होती. बुधवार आला की दुपारी झोपून राहायचं. गुडघ्यांना बरं वाटत होतं. मुलाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बरं केलंस आई, किती दमायचीस." दमले होतेच. पण नुसतं काम करून माणूस इतका दमत नाही. आपण केलेल्या कामाने कुणाचं तरी नुकसान झालं की जो थकवा येतो, तो झोपून जात नाही.

महिना-दीड महिना गेला. एका शनिवारी दुपारी वाचनालयाच्या ग्रंथपालांचा फोन आला. "मॅडम, हरसूलकडच्या बाई आल्यात. पाटी दाखवली, तरी पायरीवरून उठत नाहीत. म्हणतात, वाचली पाटी, पण कधीपर्यंत बंद ते लिहिलेलं नाही."

गेले. न जाऊन सांगते कुणाला? रिक्षातून उतरताना गुडघ्यात कळ आली आणि मी त्या बाईंवर, त्या पायरीवर, एकूण सगळ्या जिल्ह्यावर वैतागले होते.

"मला पानं पायजेत," त्या म्हणाल्या. "समदी."

"मी बंद केलंय ते."

"का?"

"का म्हणजे? माझ्या कागदापायी तुमचं पद गेलं."

"पद कागदानं नाय गेलं," त्या म्हणाल्या. "पद खाणीवाल्यांनी घेतलं. तुमच्या कागदानं मुदत गेली." यात त्या माझी समजूत काढत नव्हत्या. हिशेब जिथला तिथे लावत होत्या, आणि माझ्या वाट्याचा माझ्या पदरात टाकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "मॅडम, सरपंचपदावरनं काढलं. ग्रामसभेतनं काढता येतं का कुणाला?"

"नाही. मतदार यादीत नाव आहे तोवर तुम्ही ग्रामसभेच्या सदस्य. ते कुणी काढू शकत नाही."

"कुठं लिहिलंय?"

मला हसू आलं, आणि त्याबरोबर रडूही. ग्रंथपालांनी पाणी आणून दिलं.

"खाणीचा ठराव पुन्ना येणार हाय," त्या म्हणाल्या. "नवे सरपंच वही घरोघर पाठवतील. मी ओट्यावर बसून इचारणार, वाचून दाखवा. पण माझ्या हातात पान पायजे, आन् ते पुरं पायजे." त्यांनी पिशवीतून तीच झेरॉक्स काढली. मला ती पाहवेना, पण त्यांनी तिच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा. इथं वाक्य पुरं झालं, म्हणून मला वाटलं कागद पुरा झाला. तुम्ही आता लहान कागदावर लिहा, मुदत वरती लिहा, ते ठीक हाय. पण उद्या झेरॉक्सवाल्यानं आणखी कुठं कापलं तर? तवा प्रत्येक पानाच्या शेवटी लिहा, कागद इथं संपला. ते नाय दिसलं तर वाचणाऱ्याला कळल, खालचं काहीतरी गेलंय. तो इचारायला येईल."

 पस्तीस वर्षांत माझ्यासमोर बसलेल्या एकाही साहेबाला, एकाही वकिलाला हे सुचलं नव्हतं. मला तर नव्हतंच सुचलं. गावाला असा सरपंच मिळाला होता आणि तो सात दिवसांत हातचा गेला, हे मला त्या पायरीवर पहिल्यांदा नीट कळलं. तोवर मी माझ्याच चुकीचं दुःख करत बसले होते.

"त्र्याहत्तर पानं आहेत," मी म्हटलं. "सगळी नव्याने करावी लागतील. एकटीने होत नाही आता माझ्याच्याने."

"ग्रामसभेचं आधी करा. बाकीची मागनं."

त्यांची साडेपाचची गाडी होती. त्या उठल्या, पिशवी खांद्याला लावली, आणि दारावरची पाटी काढून माझ्या हातात दिली.

"कवा येऊ?"

"बघू," मी म्हटलं.

"बघू नाय, मॅडम. तारीख सांगा."

मी तारीख सांगितली.